कुठला पाइप टाकलायस?

संतोषचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात बाजरीच्या पिठात होते. यजमानांनी फोन माझ्या कानाला लावून धरला. "आत्या, दादा गेले," एवढंच तो म्हणाला. मग घसा खाकरून, "बॉयलरला लाकडं घालून येतो, मंग बाकीच्यांना कळवतो. शेडमदी रोपं हायेत ना…" मागून वहिनीचं रडणं मला ऐकू येत होतं, आणि हा पोरगा बापाला तसाच ठेवून लाकडं घालायला निघाला होता. दादानं त्याला असाच तयार केला होता. मला रडू यायच्या आधी राग आला. कळंबपासून नारायणगावपर्यंत एसटीच्या खिडकीशी बसून मी मेलेल्या भावाशी मनातल्या मनात भांडत गेले.

आमच्याकडं दशक्रियेला नदीच्या घाटावर माईक लागतो आणि गावातला, तालुक्यातला जो तो उठून दोन शब्द बोलतो. दादाच्या दशक्रियेलाही बोलले. मनमिळाऊ, प्रेमळ, सगळ्यांना सांभाळून घेणारे… मी बायकांत बसले होते, माझ्या तोंडून "हॅ!" असं मोठ्यानं निघालं. शेजारची बाई चमकून बघायला लागली. अहो, माझा सख्खा भाऊ तो! तो कसला मनमिळाऊ? तो बरोबर असायचा, आणि आपण बरोबर आहोत हे समोरच्याच्या हाडात उतरेपर्यंत त्याला चैन पडायची नाही. पोरांना निबंध घालण्यात माझा जन्म गेला, खोटा निबंध मला पहिल्या ओळीत कळतो. घाटावर त्या दिवशी सगळे खोटे निबंध वाचले गेले. म्हणून हे लिहायला बसले.

मला सायकल त्यानं शिकवली. मी सातवीत, तो कॉलेजात. उताराच्या तोंडाशी नेऊन मला सीटवर बसवलं, पाठीत हात घालून ढकललं आणि खाली जाऊन घाणेरीच्या जाळीत पडेपर्यंत मागून बघत उभा राहिला. कोपर फुटलं, परकर फाटला. मग सावकाश चालत आला आणि म्हणाला, "बिरेक मीच काढून ठेवला व्हता. आता जल्मभर आदी बिरेक बघशील." आणि खरंच सांगते, पुढं तळेघरला नोकरीला असताना, उतरत्या वाटांवर, कुणाच्याही सायकलला हात लावला की मी आधी ब्रेक दाबून बघत असे. आजही स्कूटीचा बघते. पण कोपराचा व्रणही आजपर्यंत आहे. तो व्रण त्याच्या हिशेबात कधी आलाच नाही.

तर अशा माणसाची रोपवाटिका होती, आणि ती पंचक्रोशीत नावाजलेली होती. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन जाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची रोपं दादाच्या शेडमधून गेलेली. लोक त्याच्या तोंडाला भ्यायचे आणि रोपांसाठी यायचे. कुणी मेलेली रोपं घेऊन तक्रारीला आलाच, तर चहा पाजून झाल्यावर शांतपणे सांगायचा, "रोपं मेली न्हाईत पावणं, तुमी मारली." अडचण एकच होती, पौषातली थंडी. उन्हाळी टोमॅटोचं बी त्याच दिवसांत टाकावं लागतं, आणि आमच्याकडं तेव्हा पहाटे बोटं वाकत नाहीत. बी उगवायचं नाही, उगवलं तर निळसर पडून तसंच बसून राहायचं. बाकीचे रोपवाले प्लास्टिक पांघरायचे, भुश्शाचा धूर करायचे. दादानं ठरवलं की गरम पाणी फिरवायचं. ट्रे ज्या मांडवांवर ठेवतात त्यांच्या खालून पाइप न्यायचे, कडेला एक बॉयलर. बॉयलर म्हणजे तरी काय, आपल्या न्हाणीतल्या बंबाचा थोरला भाऊ. वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला, द्राक्षबागांच्या छाटणीच्या काड्यांवर चालणारा. राहिला प्रश्न पाइपाचा.

संतोष तेव्हा चाकणची नोकरी सोडून नुकताच घरी आला होता. डिप्लोमा झालेला, कामाला वाघ, आणि बापापुढं उभा राहिला की हातांचं काय करावं हे न कळणारा. दादानं त्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "हंगाम तुजा. पाइप तू निवड. जमलं तर ऱ्हा, न्हाई जमलं तर हाय आपली चाकणची बस." पोराच्या तोंडावरचा आनंद मी पाहिला. त्याला शेडही नको होती आणि शेतही. बापानं एकदा "बरं केलंस" म्हणावं, एवढ्यासाठी तो परत आला होता. हे दादा सोडून सगळ्या घराला ठाऊक होतं… आता वाटतं, दादालाही असणार.

भाऊबीजेला मी माहेरी गेले होते. बाजार करायचा होता म्हणून, पाइप बघायला निघालेल्या दादा-संतोषबरोबरच जीपमधून नारायणगावला गेले आणि पाइपवाल्या शेठच्या दुकानात टेकले. शेठचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ आमच्यापेक्षा चांगली मराठी बोलणारा, सज्जन माणूस. त्यानं काउंटरवर एकेक तुकडा मांडला. पांढरा, आपल्या नेहमीच्या पाण्याच्या लाइनीचा. पिवळसर, बाथरूमला गिझरसाठी घालतात तो. काळा, विहिरीवरून पाणी आणायचा, वेटोळ्यात येणारा. आणि एक, आत ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेला, बाकीच्यांपेक्षा महाग. संतोषनं पांढरा उचलला. सरळ, स्वस्त, कुठंही मिळणारा, जोडायला सोपा. शेठनं तोंड उघडलं, "गरम पाण्याला पांढरा जरा…" दादानं त्याला तिथंच तोडलं. "शेठ, गिऱ्हाइकाला शिकवायचं नस्तं. त्यो इंजिनेर हाय." शेठ तुकड्यांवरची धूळ पुसत बसला. संतोष लाल झाला. म्हणाला, "मी आदी टेस्ट करतो, मंगच घेतो."

आणि त्यानं टेस्ट केली, अगदी मनापासून. वहिनीच्या न्हाणीत तांब्याचा बंब होता. रोज पहाटे बंब पेटायच्या आधी संतोष पांढऱ्या पाइपाचा तुकडा वरच्या तोंडातून पाण्यात सोडायचा. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी त्या पाण्यानं व्हायच्या. पाण्याला नळीचा वास यायचा, वहिनी करवादायची, "अंगाला पाइपाचा वास सुटलाय माज्या, देवाला फुलं कशी वाहू?" मी राहिले त्या चार दिवसांत मलाही तेच पाणी. सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या, बंब विझला, पाणी निवलं, की संतोष हात घालून तुकडा काढायचा आणि न्हाणीच्या दगडावर आपटून बघायचा. टण्ण! जसाच्या तसा. दिवाळीपासून कितीतरी दिवस हे चाललं. दादा रोज त्याच पाण्यानं आंघोळ करायचा आणि अंग पुसत पुसत त्या टण्ण आवाजाकडं बघायचा. एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं, भाऊ माझा सुधारला.

पौषात कडाक्याची थंडी पडली आणि सकाळीच वहिनीचा फोन, "वन्सं, तुमी या." मिळेल त्या गाडीनं गेले. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि चप्पल चिखलात रुतली. पाइप जागोजाग खाली आले होते, दोरीवर ओली साडी टाकल्यावर मधे झोल पडतो ना, तसे. संतोषनं ते टोमॅटोच्या मांडवासारखे तारेवर टांगले होते, टोमॅटोला बांबू रोवतो तेवढ्याच अंतरावर टेकू देऊन. आपला हात ज्यावर बसलेला असतो तेच माणूस करतं. पण टोमॅटोची वेल काही आत कढत पाणी भरून लोंबकळत नाही. पांढरा पाइप तापला, मऊ पडला, पाण्याच्या वजनानं खाली वाकला आणि जोडांतून निसटला. पंप चालूच. कढत पाण्याच्या पिचकाऱ्या ट्रेंवर उडाल्या. अर्धी रोपं शिजली, आणि बॉयलर रिकामा झाल्यावर राहिलेली अर्धी गारठली. शिजलेल्या रोपांना मेथीची भाजी वाफवल्यावर येतो तसला वास येत होता. संतोष त्या चिखलात उकिडवा बसून एकेक ट्रे उचलून बघत होता, कुठं काही हिरवं आहे का ते.

दादा बाहेर बाजेवर चहा पीत होता. बशी खाली ठेवली आणि पोराला हाक मारली. "संत्या, पाठीमागच्या खोलीत बारदानं हायेत, ती उचल." संतोष उठून गेला, मीही मागं गेले. बारदानांखाली पाइपाची वेटोळी होती. तोच, आत ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेला. वेटोळ्यांवर धूळ होती. दिवाळीपासून तिथं पडलेली! दुकानातून आम्ही निघालो त्याच आठवड्यात दादा एकटा जाऊन घेऊन आला होता. गिऱ्हाइकांची रोपंसुद्धा त्यानं मंचरकडच्या एका रोपवाल्याकडं आधीच टाकून ठेवली होती. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. बिघडायचं ते फक्त पोराचं, आणि ते अगदी मापात.

"तुला ठावं व्हतं?" संतोषच्या ऐवजी मीच ओरडले. दादा हसला. "एक दिस तुकडा गरम असताना मी सांडशीनं काढला. शिजलेल्या शेवग्यावानी वाकला. मंग सरळ केला, गार पाण्यात धरला आन् परत बंबात टाकला. हा गडी रोज निवल्यावर काडतोय! निवल्यावर समदंच टणक आस्तं." मग संतोषकडं वळून, मास्तर धडा समजावतो तसं, "निस्त्या प्लास्टिकातनं हवा बी आत शिरती, बॉयलर गंजून जातो. ह्या पापुद्र्यानं ती अडती. आता जल्मात इसरशील का?"

"आरं, त्यो तुजा पोरगा हाय का वैरी?" मी म्हणाले. खरं सांगते, त्या सकाळी मला माझ्या भावाचा तिटकारा आला. तो म्हणाला, "पोरगा हाय म्हणून तर. वैऱ्याला कोण शिकवतं?"  संतोषनं वेटोळ्याचं एक टोक धरलं आणि शेडकडं ओढत निघाला. मला वाटलं होतं तो चाकणची बस पकडेल. पकडली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीदा तरी वाटलं.

दादा एवढ्यावर थांबला असता तरी मी काही म्हणाले नसते. त्यानं झोल पडलेल्या पाइपाचा एक तुकडा शेडच्या दारावर तारेनं टांगला. येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचा, "ह्ये आमच्या इंजिनेराचं डोकं." लोक हसायचे, हसावंच लागायचं. संतोष दिवसातून कितीदा तरी त्या दारातून ये-जा करायचा, उंच असल्यानं मान वाकवून. वर्षानुवर्षं तो तुकडा तिथं राहिला. संतोषचं लग्न ठरलं तेव्हा पाहुण्यांनाही दाखवला. वहिनी आतून म्हणाली, "अवो, आज तरी…" तर तिलाच म्हणाला, "च्या आण."

पुढं दुसरी शेड झाली. तिचा पाइप संतोषनं स्वतः निवडला, बापाला न विचारता. हा सगळा प्लास्टिकचाच, पण गरम पाण्यासाठीच बनवलेला, वरून हवा अडवणारा लेप असलेला, वेटोळ्यात येणारा, म्हणजे मधे जोडच नको. या वेळी त्यानं तुकडा कढत असतानाच वाकवून बघितला. वीट बांधून महिनाभर गरम पाण्यात ठेवला. तापला की पाइप लांबतो म्हणून वळणाला मोकळी जागा सोडली, खालून सलग फळी दिली. दादा शेडभर फिरला, बोटानं दाबलं आणि म्हणाला, "सायकलची ट्यूब हाय व्हय?" त्यानंतर किती हिवाळे गेले, ती ट्यूब एकदा गळली नाही. दादा त्या शेडमध्ये रोज जायचा, रोपं बघायचा, पाइपाविषयी चकार शब्द नाही. संतोष त्याच्या मागं मागं चालायचा. मी गेले की मला ते बघवायचं नाही, मी वहिनीपाशी जाऊन बसायची.

मग दादाला अर्धांग झालं. डावी बाजू गेली, आणि ती बाजू सारखी गार पडायची. थंडीला सुरुवात झाली तशी तो ओरडायला लागला, "माजी रोपं गरम आन् मी गार!" शेगडी ठेवली तर धुरानं खोकायचा, हिटर लावावा तर लाइट जायची. दादाची खोली शेडच्या भिंतीला लागूनच. संतोषनं दोन दिवस खपून दुसऱ्या शेडच्या लाइनीतूनच पाइप भिंतीपलीकडं घेतला, खोलीतल्या जमिनीत वळणावळणानं फिरवला, वर वाळू आणि शहाबादी फरशी. दादा बाजेवरून सगळं बघत होता, पण पाइप अंथरला तेव्हा त्याला दुसऱ्या खोलीत हलवलं होतं. परत आणल्यावर पहिला प्रश्न, "कुठला पाइप टाकलायस?"

"तुमचाच," संतोष म्हणाला.

मी बघायला गेले तेव्हा फरशीवर पाय ठेवला आणि जिवाला बरं वाटलं. दादानं उजवा हात बाजेखाली सोडला होता. तिथं भिंतीच्या कोपऱ्यात पाइप वर येतो, त्यावर तो अंगठ्याचं नख फिरवत होता. संतोष बाहेर गेलेला बघून मला म्हणाला, तोंड वाकडं झाल्यानं शब्द ओढत, "खोटं बोलतो. पाइप त्याचाय. मला काय कळत न्हाई?… गरम ऱ्हातोय चांगला." मी थक्क झाले. म्हटलं, "मग सांग की त्याला! हाक मारू?" त्यानं मान हलवली. "सांगितलं की मानूस ढिला पडतो." मी म्हणाले, "आरं दादा, तू मरायला टेकलाईस." तर म्हणतो, "म्हणूनच. आता शेवटाला कशाला सवय मोडायची?" इतक्यात संतोष चहा घेऊन आत आला. मी दादाकडं डोळे वटारून बघितलं. दादानं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "कॉक ठेवला न्हाईस ह्या लायनीला. मी गेल्यावर रिकामी खोली तापवत बसशील, गाढवा." संतोष "व्हय दादा" म्हणाला. त्यानंतर आठवडाही गेला नाही.

तेराव्याला जेवणं चालू असताना शेडकडून काळा धूर आला, घाणेरडा, घसा धरणारा. लोक पंगतीतून उठले. बघतो तर वहिनी बॉयलरच्या तोंडाशी उभी. दारावरचा तो वाकडा तुकडा तिनं काढून आत घातला होता. "त्यांना लई आवडायचा ना," ती म्हणाली, "म्हटलं, जाऊ दे संगट." चाळीसेक वर्षांत ती नवऱ्याविषयी एवढं एकदाच बोलली.

त्याच दिवशी संध्याकाळी मी संतोषला बाजूला घेतलं आणि दादाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्याला कळलं होतं रे, पाइप तुझा आहे हे. गरम राहतोय चांगला, म्हणाला. माझ्या देखत म्हणाला… संतोषनं मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसला. अगदी दादासारखा नाही, पण त्याच घरातलं हसू. "आत्या, तू कशाला त्यांची बाजू सावरतीस? ते आसं म्हणायचे न्हाईत." मी देवाची शपथ घेतली. तो म्हणाला, "तू मास्तरीण हाईस. रडणाऱ्या पोराला गप कसं करायचं, तुला बरं ठावं." त्या क्षणी दादा जिवंत असता तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती. इतकी वर्षं पोराला इतकं झोडलं, की बापाचा एक बरा शब्द आत्या सांगते तोही त्याला खोटा वाटावा!

परवा पुन्हा जाऊन आले. थंडी अजून आहे, दोन्ही शेड रोपांनी भरलेल्या. दादाच्या खोलीतली बाज काढून टाकली आहे, खोली रिकामी. चपला दाराशी काढून आत गेले आणि फरशी पायाला तशीच लागली. खिडकीत पितळी कॉक होता, दुकानातून आणलेला तसाच, प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेलासुद्धा नाही. "बसवला न्हाईस व्हय रे?" मी विचारलं. "बसवतो की, आत्या. येळच मिळंना," संतोष म्हणाला, आणि तिथंच भिंतीला पाठ लावून खाली बसला. मीही बसले. त्यानं तळहात फरशीवर पसरला.  मग माझ्याकडं न बघताच विचारलं, "गरम हाय न्हवं?"

दादानं असं म्हटलं होतं रे, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. ते मी गिळले.

"गरम ऱ्हातोय चांगला," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उजळला. सातवीतल्या पोराला पैकीच्या पैकी मिळावेत तसा. "हाय ना?" म्हणाला, "जोडच न्हाई मधी कुठं, आत्या. एका लांबीत घेतलाय." आणि मग पाइपाविषयी कितीतरी वेळ मला सांगत राहिला, कुठून वळवला, वाळू किती घातली. मी मान हलवत ऐकत राहिले. थोड्या वेळानं तो उठला आणि बॉयलरला लाकडं घालायला गेला.